शेठ, संपादक आणि कागदाचं बिल

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कापसाची एकाधिकार खरेदी मोडीत निघाली होती आणि आमच्या परभणी-मानवत-सेलूच्या पट्ट्यात व्यापाऱ्यांचे काटे पुन्हा जोरात आले होते. मी तेव्हा परभणीतल्या एका साप्ताहिकात लिहायचो. साप्ताहिक म्हणजे चार पानं, एक संपादक, डीटीपी करणारा एक पोरगा आणि फुकट लिहिणारे माझ्यासारखे दोघं-तिघं. कापूस घेताना क्विंटलमागे किती वजन कापून घेतात, ते कोणत्या नावाखाली कापतात, याची मी चार दिवस मोंढ्यात बसून टिपणं काढली, हमालांशी बोललो, आणि लेख नेऊन दिला. संपादकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. काकांनी लेख दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे बाबा, सगळं खरं आहे. पण हे छापलं तर पुढच्या आठवड्यात कागद कुठून आणू?"

कागदाचं बिल एक जिनिंगवाले शेठ भरत होते. काकांनी ते कधी लपवलं नव्हतं. शेठ माणूस वाईट नव्हता. शाळेला देणगी द्यायचा, रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात खजूर पाठवायचा. लेख काही छापून आला नाही. मला राग आला आणि मी तिथं लिहिणं सोडलं. काकांचा राग मात्र आला नाही, याचं तेव्हा मलाच नवल वाटलं होतं.

त्यानंतर कधीतरी 'बॉम्बे क्रॉनिकल'बद्दल वाचायला लागलो आणि काका मला त्या प्रत्येक पानावर भेटायला लागले.

क्रॉनिकल हे मुंबईचं इंग्रजी दैनिक. ते काढलं सर फिरोजशहा मेहतांनी. मेहता म्हणजे मुंबई महापालिकेचे अनभिषिक्त राजे, मोठे वकील, १८९० च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. १९०७ मध्ये महापालिकेच्या निवडणुकीत त्यांना पाडण्याचा घाट काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी घातला होता आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक लोव्हट फ्रेझर त्यात उघडपणे सामील होते. आपलं म्हणणं मांडायला आपल्या हातात वर्तमानपत्र नाही, हे मेहतांना तेव्हा चांगलंच समजलं. मग कंपनी निघाली, शेअर विकले गेले, जहांगीर बोमनजी पेटिट यांच्यासारखे श्रीमंत पारशी पाठीशी उभे राहिले आणि १९१३ मध्ये पहिला अंक निघाला.

थोडक्यात, क्रॉनिकलचा जन्म एका मोठ्या माणसाच्या गरजेतून झाला. यात कमीपणा नाही. आपल्याकडची बहुतेक वर्तमानपत्रं अशीच जन्मली. 'मूकनायक' १९२० मध्ये निघालं ते शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांवर. त्या पैशामागे कसली अट होती असं कुठं दिसत नाही. पण महाराज १९२२ मध्ये गेले, आंबेडकर शिक्षणासाठी लंडनला होते आणि १९२३ मध्ये अंक बंद पडला. पैसे देणारा चांगला असला तरी तो अमर नसतो.

मेहतांनी संपादक म्हणून आणला बेंजामिन गाय हॉर्निमन हा इंग्रज. १९०६ मध्ये तो कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये नोकरीला आला होता आणि वंगभंगाच्या काळात बंगाली आंदोलकांच्या बाजूनं उभा राहिला होता. मेहतांना वाटलं असणार की हा माणूस आपल्या शिस्तीत राहील. मेहता होते तोवर तो राहिलाही. मेहतांचा दराराच तसा होता. पण नोव्हेंबर १९१५ मध्ये मेहता वारले.

खरी गोष्ट इथून सुरू होते. संचालक मंडळात राहिले ते मेहतांचे मवाळ मित्र: अर्ज-विनंत्यांवर विश्वास असणारे, सरकारदरबारी उठबस असणारे, धंदे सांभाळून राजकारण करणारे लोक. हॉर्निमन मात्र अॅनी बेझंटच्या होमरूल चळवळीत उतरला होता आणि पेपरची भाषा दिवसेंदिवस तिखट होत चालली होती. मंडळानं त्याला आवर घालायचं ठरवलं. हॉर्निमननं राजीनामा दिला आणि त्याच्याबरोबर हाताखालचे सहकारीही बाहेर पडले. पैसा, छापखाना, इमारत सगळं संचालकांकडे होतं, पण सकाळी अंक काढायला माणूस नव्हता. अखेर मंडळच बदललं, हॉर्निमन परत खुर्चीवर बसला, आणि नव्या मंडळाचे अध्यक्ष झाले बॅरिस्टर महमदअली जिना.

हो, तेच जिना. तेव्हाचे जिना हिंदू-मुस्लीम ऐक्याचे दूत म्हणून ओळखले जात होते, आणि एका हट्टी इंग्रज संपादकाच्या पाठीशी ते उभे राहिले होते. डिसेंबर १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डनच्या निरोपाची सभा टाउन हॉलमध्ये भरली, ती उधळायला जिना आणि हॉर्निमन बरोबर गेले होते. पोलिसांनी दोघांच्या माणसांना हॉलबाहेर काढलं. पुढे जिनांच्या नावानं मुंबईत जो हॉल बांधला गेला, तो लोकांनी एकेक रुपया वर्गणी काढून बांधला. आज परभणीत हे सांगितलं तर लोक माझ्याकडे संशयानं बघतात. असो.

संचालक बदलले म्हणून हॉर्निमन सुटला असं नाही. पैसेवाल्यांनी सोडला तर सरकारनं धरला. एप्रिल १९१९ मध्ये जालियनवाला बाग झाली. पंजाबच्या बातम्या बाहेर येऊ द्यायच्या नाहीत असा सरकारचा बंदोबस्त होता आणि क्रॉनिकल त्या छापत होता. २६ एप्रिलला आजारी हॉर्निमनला घरातून उचलून बोटीवर चढवलं आणि इंग्लंडला पाठवून दिलं. पेपरवर पूर्वतपासणी लादली. सेन्सॉरला दाखवून छापण्यापेक्षा संचालकांनी काही काळ अंकच बंद ठेवला. पंजाबच्या बातम्या पाठवणारा वार्ताहर गोवर्धनदास तुरुंगात गेला. हॉर्निमनचं चरित्र सगळे सांगतात, गोवर्धनदासचं कुणी सांगत नाही. त्याच्यामागे शेअरहोल्डर नव्हते.

त्या बंद काळात क्रॉनिकलशी संबंधित दोघांनी गांधींना गाठलं: शंकरलाल बँकर आणि उमर सोबानी. 'यंग इंडिया' तेव्हा त्यांच्या ताब्यात होता. क्रॉनिकलची पोकळी भरायला तो तुम्ही चालवा, असं त्यांनी गांधींना सुचवलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

उमर सोबानी या माणसावर मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलेलं नाही. मुंबईतला मोठा मुसलमान मिलमालक, कापसाचा व्यापारी. ३१ जुलै १९२१ ला परळमध्ये विदेशी कपड्यांची जी प्रचंड होळी झाली, ती त्याच्या मिलच्या आवारात झाली. आता विचार करा, जो माणूस कापडाच्या धंद्यात आहे, ज्याचं लंडनशी, बँकांशी, सरकारी परवान्यांशी रोजचं काम आहे, तो आपल्याच अंगणात होळी पेटवू देतो. पुढे कापसाच्या व्यवहारात सोबानी बुडाला आणि १९२६ मध्ये, तसा तरुणच, वारला. आमच्या भागातला कापूसही त्या काळी रेल्वेनं मुंबईच्या बाजारात जात होता. म्हणजे ज्या बाजारात सोबानी बुडाला, त्या बाजाराचं एक टोक आमच्या शेतात होतं.

जाण्याआधी सोबानीनं क्रॉनिकलसाठी एक काम केलं होतं. हॉर्निमननंतर पेपरला संपादक हवा होता. त्यानं लंडनहून मार्माड्यूक पिकथॉलला बोलावलं.

पिकथॉलचं नाव आपल्या घरांत माहीत असतं ते कुराणाच्या इंग्रजी अनुवादामुळे. माझ्या वडिलांच्या कपाटात त्याची एक जुनी प्रत होती, पुठ्ठा निखळलेली. हा माणूस चार वर्षं मुंबईत दैनिकाचा संपादक होता आणि त्यानंतर आमच्या हैदराबाद संस्थानात दहा वर्षं राहिला, हे मात्र मला चाळिशीत कळलं. इंग्रज पाद्र्याचा मुलगा, कादंबरीकार, तुर्कस्तान आणि अरब मुलखात फिरलेला, १९१७ मध्ये जाहीरपणे इस्लाम स्वीकारलेला. १९२० मध्ये तो मुंबईला आला तेव्हा असहकार आणि खिलाफत एकाच रस्त्यानं चालले होते. पिकथॉल गांधींचा कट्टर अनुयायी झाला. पेपरचा खप वाढला.

पण १९२२ नंतर चळवळ ओसरली, १९२४ मध्ये तुर्कस्तानात खलिफापदच गेलं आणि मुंबईतले पैसेवाले असहकारातून पाय काढून घेऊ लागले. त्यात सरकारी बाजूनं पेपरवर खटला झाला आणि जबर रक्कम भरण्याची पाळी आली. पेपर कर्जात, नवे सूत्रधार सावध, संपादक जुन्याच मतावर ठाम. १९२४ मध्ये पिकथॉलनं राजीनामा दिला. तो मुंबईत रिकामा झाला. वय पन्नाशीच्या घरात, गाठीला पैसा नाही.

आणि इथं त्याला आयुष्यातला सगळ्यात मोठा धनी भेटला: निजाम मीर उस्मान अली खान. सर अकबर हैदरींच्या प्रयत्नानं पिकथॉल १९२५ मध्ये हैदराबादला आला. आधी चादरघाट हायस्कूलचा मुख्याध्यापक. मग १९२७ पासून 'इस्लामिक कल्चर' या त्रैमासिकाचा संपादक. कुराणाच्या अनुवादासाठी निजामानं त्याला पूर्ण पगारी दोन वर्षांची रजा दिली. दोन वर्षं! आजच्या एखाद्या विद्यापीठात दोन महिन्यांची मागून बघा. अनुवाद तपासून घ्यायला तो इजिप्तला गेला, तिथल्या उलेमांशी वाद घातला आणि १९३० मध्ये ग्रंथ छापून आला. लेखकाला याहून चांगला आश्रयदाता मिळणं कठीण. अनुवादातल्या एका शब्दातही निजामानं हात घातला असं कुठं वाचलेलं नाही.

पण त्याच काळात, १९२९ मध्ये, त्याच निजामाच्या सरकारनं गश्ती निशाण त्रेपन्न काढलं होतं. परवानगीशिवाय सभा नाही, हा तो हुकूम. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात वाचनालयाचा वार्षिक समारंभ करायचा तरी सरकारकडे तोंड करून उभं राहावं लागायचं. वर्तमानपत्र काढणं तर दूरच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' काढलं, तर त्यावर बंदी आली. त्यांनी नाव बदलून काढलं, त्यावरही बंदी आली, पुन्हा नाव बदललं.

पिकथॉलनं मुंबईत पूर्वतपासणीविरुद्ध लढलेल्या पेपरची धुरा वाहिली होती. हैदराबादेत त्यानं जे नियतकालिक चालवलं ते विद्वत्तेचं होतं, इब्न खल्दून आणि अंदलुसचं. तेही मोलाचं काम, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण मुंबईचा पिकथॉल आणि हैदराबादचा पिकथॉल यांच्यामध्ये काहीतरी गप्प झालं, हे जाणवल्याशिवाय राहत नाही. निजामानं त्याला गप्प बस म्हटलं असेल असं मला वाटत नाही. म्हणायची गरज नव्हती. पगारी रजेवर असलेला माणूस धन्याच्या गश्तीवर अग्रलेख लिहीत नाही. आमचे काका तरी शेठच्या तोंडून कुठं काही ऐकून आले होते? शेठनं तो लेख पाहिलासुद्धा नव्हता. पिकथॉल १९३५ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला गेला आणि पुढच्या वर्षी वारला.

हैदराबादेत गप्प न बसलेलाही एक मुसलमान संपादक होता, त्याचं नाव आमच्याकडे १७ सप्टेंबरच्या भाषणांत घेतात. शोएबुल्ला खान. वरंगलकडचा, जन्म १९२०. आधी दुसऱ्या एका पत्रात लिहिलं. नंतर मंदुमुला नरसिंग राव यांच्या 'रय्यत'मध्ये. सरकारनं 'रय्यत' बंद केलं. मग नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यानं स्वतःचं 'इमरोज' हे उर्दू दैनिक काढलं, त्याला आधार दिला बुर्गुला रामकृष्ण राव यांनी, जे पुढे १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. संस्थानानं भारतात सामील व्हावं हे तो मुसलमानांच्या भाषेत, मुसलमानांना सांगत होता. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कार्यालयातून घरी जाताना रझाकारांनी त्याला काचीगुड्याजवळ गाठलं, गोळ्या घातल्या आणि हात तोडला. वय २७. चार आठवड्यांत पोलिस अॅक्शन झाली आणि निजामानं शरणागती दिली. त्यानंतर आमच्या मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे गुदरलं तो वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन.

शोएबुल्लाचा पैसेवाल्यांशी तंटा झाला नाही, कारण त्याचं मत आणि त्याला आधार देणाऱ्यांचं मत एकच होतं. हे मी त्याला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. गोळ्या त्यानं खाल्ल्या, आधार देणाऱ्यांनी नाही. पण आधार देणारे मुख्यमंत्री झाल्यावरही तो संपादक असता तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनात येतो. त्याला ती वर्षं मिळालीच नाहीत.

ती वर्षं मिळाली सय्यद अब्दुल्ला ब्रेलवींना. ब्रेलवी १९१५ पासून क्रॉनिकलमध्ये होते, हॉर्निमनच्या हाताखाली शिकलेले. पिकथॉल गेल्यावर १९२४ मध्ये संपादक झाले आणि मरेपर्यंत, पाव शतक, त्या खुर्चीवर राहिले. सविनय कायदेभंगात तुरुंगात गेले. राष्ट्रीय मुसलमान म्हणून लीगच्या विरोधात उभे राहिले, म्हणजे ज्या जिनांनी एकेकाळी त्यांच्याच पेपरच्या मंडळाचं अध्यक्षपद सांभाळलं होतं त्यांच्याच विरोधात. ख्वाजा अहमद अब्बास त्यांच्याच पेपरात घडले. आमच्या लहानपणी हॉटेलात उर्दू 'ब्लिट्झ' यायचा आणि माझे मामू अब्बास यांचा मजकूर आधी वाचायचे. त्या वाचनाचं मूळ ब्रेलवींच्या क्रॉनिकलात होतं.

ब्रेलवींनी हे पाव शतक कसं काढलं? मालक तर बदलतच होते. १९३३ च्या सुमारास क्रॉनिकल कामा कुटुंबाकडे गेला, ज्यांच्याकडे 'मुंबई समाचार'ही आला. कामांचा धंदा वर्तमानपत्रांना कागद आणि शाई पुरवण्याचा. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारली. काकांचा प्रश्न होता, कागद कुठून आणू. क्रॉनिकलमध्ये कागदवालाच मालक झाला होता!

आणि तरीही पेपर काँग्रेसच्या बाजूचा राहिला, ब्रेलवी संपादक राहिले. इतकंच नाही, १९२६ मध्ये सरकारला चकवून परतलेला हॉर्निमन, ज्याचं स्वतःचं दैनिक काढून बुडून झालं होतं, त्यालाही १९३३ मध्ये त्याच घरातून 'बॉम्बे सेंटिनेल' हे सायंदैनिक चालवायला मिळालं. मला वाटतं याचं कारण मालकाच्या उदारतेत जेवढं आहे तेवढंच हिशेबात आहे. तोवर मुंबईत क्रॉनिकलचा वाचक पक्का झाला होता. तो पेपर ब्रेलवींसाठी, त्या मतासाठी घेत होता. संपादक काढला असता तर वाचक गेला असता आणि वाचक गेला असता तर कागदवाल्याच्या हातात नुसता कागद उरला असता. हॉर्निमननं राजीनामा देऊन मंडळ बदलायला लावलं, त्या वेळीही बहुधा हेच घडलं. आमच्या काकांकडे असा वाचक नव्हता. आम्ही पाचशे अंक छापायचो, त्यातले निम्मे फुकट वाटायचो. फुकट अंक घेणारा वाचक संपादकासाठी भांडायला येत नाही, मी स्वतःसुद्धा भांडलो नाही, नुसता निघून गेलो.

शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये गेला, हॉर्निमन त्याच वर्षी ऑक्टोबरात, ब्रेलवी जानेवारी १९४९ मध्ये. मधल्या सप्टेंबरात जिना. क्रॉनिकल १९५९ मध्ये बंद पडला.

काका तीन वर्षांपूर्वी वारले. मयतीला शेठ आले होते, मीही गेलो होतो. साप्ताहिक त्याआधीच थांबलं होतं. त्यांच्या मुलानं जुन्या अंकांचे गठ्ठे मला दिले, त्यात एका पाकिटात माझा तो लेख होता, टाइप करून, मथळा देऊन, छापायला तयार. मथळा काकांनी माझ्यापेक्षा चांगला दिला होता.

मागच्या हिवाळ्यात मुंबईला कामासाठी गेलो तेव्हा फोर्टात फिरलो. ज्या टाउन हॉलमधून जिना-हॉर्निमनच्या माणसांना बाहेर काढलं, त्याच्या समोरच हॉर्निमन सर्कल आहे. जवळच सर फिरोजशहा मेहता रोड आहे आणि सय्यद अब्दुल्ला ब्रेलवींच्या नावाचाही एक रस्ता आहे. मालक रस्ता, संपादक चौक, त्याचा शिष्य पुन्हा रस्ता, आणि सगळे पाच मिनिटांच्या अंतरात. ब्रेलवी रोडवर एका चहावाल्याकडे थांबलो. दाढीवाला, साधारण माझ्याच वयाचा. त्याला विचारलं, "भाई, ये ब्रेलवी साहब कौन थे?"

त्यानं पाटीकडे पाहिलं, कप विसळत म्हणाला, "बरेली के कोई बुजुर्ग होंगे."